किटलीचं उघडं झाकण

"असा चहा रोज मिळणार असेल ना, तर मी कुठंही यायला तयार आहे."

हे वाक्य ऊर्मिला बोलली तेव्हा ती नवी नवरी होती. कोथरूडची दोन खोल्यांची जागा, खिडकीत बसलेली ती, झोपेतून नुकता उठलेला थोडा घोगरा आवाज, आणि दारात गाळणी हातात धरून उभा असलेला नागेश सबनीस. गाळणीतून थेंब थेंब चहा त्याच्या नव्या पायजम्यावर गळत होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. कुणाच्या घरात आजोबांना मिळालेलं मानपत्र असतं, कुणाच्या घरात वाघाचं कातडं. नागेशच्या घरात हे वाक्य होतं. चौकट करून भिंतीला लावता येत नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

त्या दिवसापासून सकाळचा चहा नागेशकडे लागला तो लागलाच. पुढं मोटारींच्या सायलेन्सरचा हा इंजिनिअर कंपनीच्या बोलावण्यावरून फ्रँकफर्टला आला तेव्हा त्यानं केबिन बॅगेत लोखंडी खलबत्ता आणला होता. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं तो दोन्ही हातांनी उचलून विचारलं, की हे काय आहे. नागेश म्हणाला, "चहासाठी." अधिकाऱ्यानं आपल्या वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठानं बत्ता हातात घेऊन तोलून पाहिला आणि नागेशकडे असं पाहिलं, जसं काही या माणसाच्या घरी चहा नाकारण्याची कुणाची छाती होत नसणार.

आणि मागोमाग ऊर्मिला आली. पुण्यातली चांगली नोकरी सोडून, पोटुशी असताना, आली. "कुठंही येईन" म्हणाली होती, ती आली. नागेशच्या मनात या गोष्टीचं सगळं श्रेय आल्याला होतं.

रोज सकाळी तो आलं ठेचायचा, चहा उकळायचा, कप तिच्यापुढं ठेवायचा आणि समोर बसायचा. ऊर्मिला पहिला घोट घ्यायची तेव्हा तो तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. ते वाक्य इतक्या वर्षांत पुन्हा कधी आलं नव्हतं. पण एकदा दिलेला शब्द पुन्हा पुन्हा मागायचा नसतो, असं तो स्वतःला समजावी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघत बसे. जुन्या बायका असत्या तर जात्याचा खुंटा धरून म्हणाल्या असत्या,

*चहा उकळतो बाई, वर चढते गं साय,*
*टक लावून बसे धनी, सखी बोलंल गं काय.*

सखी काही बोलत नव्हती. तोवर संसार बरा चालला होता.

गडबड झाली ती फ्रँकफर्टला दहा वर्षं उलटल्यावरच्या शरदात, दोन गोष्टी एकदम आल्यामुळं. एक म्हणजे कंपनीनं नागेशला विचारलं, की म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमच्या ऑफिसात बढतीवर जाल का. नाताळापर्यंत हो-नाही कळवा. नागेशनं घरी येऊन सांगितलं. ऊर्मिला भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "बघू."

मराठी नवऱ्याला 'नाही' पचतं, 'हो' तर पचतंच पचतं; 'बघू' मात्र पचत नाही. ते छातीत कुठंतरी आडवं बसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे लाउ.

ऊर्मिला संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जायची. तिथल्या ओळखीतून तिला एका रविवारी सकाळी बोलावणं आलं. हाउप्टबानहोफच्या, म्हणजे मोठ्या स्टेशनच्या, मागच्या गल्लीत एक हाँगकाँगी हॉटेल आहे, तिथं लाउ नावाच्या गृहस्थांचं दर रविवारचं टेबल ठरलेलं असतं. सकाळपासून दुपारपर्यंत नुसतं बसायचं, किटल्यांवर किटल्या चहा प्यायचा, आणि सोबत बांबूच्या टोपल्यांतून वाफवलेले छोटे छोटे पदार्थ येतात ते सगळ्यांनी मिळून खायचे. याला म्हणतात यम चा.

"यमाचा?" नागेश म्हणाला.

"तुम्हीही चला की."

ऊर्मिला त्याला एरवी 'अरे नागेश' म्हणायची. 'अहो' आलं, की समजायचं एक तर सासूबाई व्हिडिओ कॉलवर आहेत, नाहीतर बाई चिडली आहे. तेव्हा कॉल चालू नव्हता.

"वाफवलेलं आम्ही तापातनं उठल्यावर खातो," नागेश म्हणाला आणि पेपर उघडला.

ती एकटी गेली. दुपारी परतली ती गालांवर रंग घेऊन. कोट काढता काढता म्हणाली, "चहा काय सुरेख होता रे."

नागेशच्या हातातला पेपर खाली आला. "दूध होतं?"

"नाही."

"साखर?"

"छे."

"आलं?"

"नुसतं पाणी आणि पानं."

"मग त्यात सुरेख असायला उरलं काय?"

ऊर्मिला हसली आणि आत गेली. नागेशनं पेपरची घडी घातली. बारा गावचं पाणी प्यायलेली बाई, गरम पाण्याला सुरेख म्हणते. आणि त्याच्या आल्याला, वेलदोड्याला, सायीच्या दुधाला इतक्या वर्षांत एक शब्द नाही.

पुढचा रविवार आला, ती गेली. त्याच्या पुढचा आला, गेली. मधल्या काळात तिला एक नवी खोड लागली. नागेशनं सकाळी चहाचा कप पुढं ठेवला, की ती हातातल्या फोनवरची नजर न हलवता टेबलावर दोन बोटं टकटक वाजवायची. आता ही खूण नागेशला चांगली ठाऊक होती. त्याचे वडील सांगलीला पंगतीत बसले आणि वाढप्याला उशीर झाला, की पाटावर अशीच बोटं वाजवीत, आणि त्या आवाजासरशी आई पळी घेऊन धावत येत असे. म्हणजे इथवर आलं तर. चहा करायचा आपण, आणि वर 'आटप लवकर' ऐकायचं.

*परक्या गं दारी बाई, चहा बिनदुधाचा,*
*गोड लागे साजणीला, जीव जळे घरच्याचा.*

जळण्याचंही एक शास्त्र असतं. आधी माणूस जळतो, मग जळत नाही असं दाखवतो, मग पुरावे गोळा करायला निघतो. चौथ्या रविवारी नागेश दहा वर्षांच्या लेकीला, तनयाला, म्हणाला, "चल, स्टेशनकडं चक्कर मारून येऊ."

"वारुम?" तनया म्हणाली. तिला मराठी सगळं समजायचं. उत्तर मात्र जर्मनमध्येच यायचं.

"का म्हणजे काय. हवा छान आहे."

हवा छान नव्हती. बारीक पाऊस होता आणि वाऱ्यानं छत्र्या उलट्या होत होत्या. हॉटेलच्या काचेवर वाफ धरली होती. नागेशनं नाक काचेला लावून, बाहीनं आपल्या बाजूची काच पुसली, आणि वाफ आतल्या बाजूला आहे हे इंजिनिअर असूनही त्याच्या उशिरा लक्षात आलं. तरी एका कोपऱ्यातून दिसलं. ऊर्मिला बसली होती. समोर एक सत्तरीतला म्हातारा, कानात यंत्र, स्वेटरची कोपरं झिजलेली. मध्ये खांब असल्यानं बाकी टेबल दिसत नव्हतं. ऊर्मिलानं किटली उचलून म्हाताऱ्याचा पेला भरला. म्हाताऱ्यानं दोन बोटं टेबलावर वाजवली. मग म्हाताऱ्यानं तिचा पेला भरला. तिनं दोन बोटं वाजवली. आणि दोघं हसली. ऊर्मिला मान खाली घालून, खांदे हलवत हसली. हे हसू नागेशनं शेवटचं कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना.

तरुण असता तर एक वेळ समजून घेता आलं असतं. तरुणाशी माणूस स्पर्धा करतो, हरतो, निदान व्यायाम तरी सुरू करतो. पण हा कानात यंत्र घातलेला म्हातारा, ज्याच्याकडे दूधसुद्धा नाही, तो ऊर्मिलाला हसवतो आणि टकटक करून तिच्याशी बोलतो, ही गोष्ट नागेशचं काळीज लोखंडी बत्त्यानं ठेचून गेली.

"पापा, दू बिस्ट पाइनलिश," तनया म्हणाली. म्हणजे बाबा, तुम्ही लाज आणता. काचेच्या आतला वेटर दोघांकडे बघत होता.

आता हे दुःख सांगायचं कुणाला? त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर रुपेश राहायचा. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळं वेळ आणि सल्ले दोन्ही भरपूर. नागेशनं तळघरातल्या सायकलींपाशी त्याला गाठलं आणि गोष्ट दुसऱ्याची म्हणून सांगितली. आमच्या ऑफिसात एक आहे, त्याची बायको.

"नागेशदादा, वहिनी दर रविवारी जातात ते मी बघतो की," रुपेश म्हणाला. "यात काय लपवायचंय. कॉम्पिटिशन आहे ही. त्यांच्याकडे काय आहे, वाफवलेल्या करंज्या. आपल्याकडे काय कमी आहे? उकडीचे मोदक. अळूवडी. कोथिंबीरवडी. ढोकळा धरला तर ढोकळा. त्या लाउलाच घरी बोलवा, मधे बसवा, आणि आपला चहा पाजा. वहिनींच्या डोळ्यांदेखत काय ते ठरून जाईल."

"आणि ते ढकलगाडीवरून पदार्थ फिरवतात म्हणे."

"मग तुम्ही इंजिनिअर कशाला झालात?"

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. इंजिनिअर नवऱ्याच्या अभिमानाला हात घातला, की पुढं जे होतं ते घराच्या भिंती भोगतात.

जर्मनीत लोक जुनं सामान ठरलेल्या दिवशी रस्त्यावर ठेवतात. त्या ढिगातून नागेशनं चहाची एक दुमजली ढकलगाडी उचलून आणली. तिचं एक चाक कुरकुरत असे आणि बाकीची तीन त्याच्या मतानं चालत. वाफेसाठी त्यानं आधी गॅसची शेगडी लावायचा विचार केला, मग विमा आठवून सोडला. शेवटी बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात, त्याला हवं ते सापडलं. पाण्याची टाकी, खाली तापणारी तार, आणि लांब रबरी नळीतून भसाभस येणारी वाफ. यंत्र नवं कोरं होतं.

"किती चौरस मीटर करायचंय?" विक्रेत्यानं विचारलं.

"पाच जणं आहेत," नागेश म्हणाला.

विक्रेत्यानं त्याला नीट न्याहाळलं. "पाच जणं मिळून करणार असतील तर एका दिवसात होईल," तो म्हणाला आणि पावती दिली.

आता हे यंत्र मुळात भिंतीवरचा जुना कागद वाफेनं सोडवण्यासाठी असतं. खोक्यावर तसं चित्रही होतं. पण नागेशचं म्हणणं असं, की वाफ ही वाफ असते. ती मोदकाला लागली तर मोदक शिजतो. यंत्रावर काय चित्र आहे हे वाफेला माहीत नसतं. त्यानं टाकी तीनदा उकळून घेतली, नळी गाडीच्या खालच्या मजल्याला जोडली, वर भोकं पाडलेला पत्रा टाकला आणि त्यावर बांबूच्या टोपल्या रचल्या.

भोकं मात्र त्यानं रविवारी पाडली. ऊर्मिला लाउंकडे गेलेली, घर मोकळं, म्हणून. ड्रिल मशीनचा पहिला घरघराट झाला आणि खालच्या मजल्यावरच्या फ्राउ केसलर दारात आल्या. या बाई रविवारी रेडिओसुद्धा उशीवर ठेवून ऐकत.

"हेर सबनीस, आज रविवार आहे. रुहेत्साइट. शांततेची वेळ."

"फक्त चारच भोकं राहिलीत."

"मौनव्रत चार भोकं सोडून पाळत नाहीत."

दोन दिवसांनी इमारतीची देखरेख करणाऱ्या हाउसमाइस्टरची चिठ्ठी दारावर लागली. शांततेचा भंग, आणि पुन्हा झाल्यास घरमालकाला कळवण्यात येईल. रुपेशनं चिठ्ठी वाचून सल्ला दिला, "तक्रार करणाऱ्याला पंगतीत बसवावं. जेवलेलं तोंड तक्रार करत नाही." म्हणून फ्राउ केसलर यांनाही आमंत्रण गेलं.

ऊर्मिलाला जेव्हा त्यानं सांगितलं, की लाउंना घरी चहाला बोलवायचंय, तेव्हा तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. "तू बोलावतोयस?"

"का? आमच्या घरात चहा नाही?"

"तसं नाही रे. मला बरं वाटलं." आणि तिनं जाता जाता त्याच्या खांद्याला हात लावला. एवढ्यावर कुणी शहाणा माणूस थांबला असता, आणि घराची भिंत वाचली असती.

ठरलेल्या रविवारी पाहुणे आले. दार उघडलं तर म्हाताऱ्या लाउंच्या मागं एक ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या बाई उभ्या. हातात संत्र्यांची पिशवी. या लाउबाई. जर्मनच्या वर्गात ऊर्मिलाच्या शेजारी बसणाऱ्या याच, आणि त्या दिवशी खांबाआड होत्या त्याही याच. नागेशच्या मत्सराचा पाया इथंच खचायला हवा होता. पण मत्सर हा पायावर उभा नसतो, तो लटकलेला असतो. यमराजाच्या दरबारात चित्रगुप्तही असणारच, एवढंच त्याच्या मनात आलं.

फ्राउ केसलर ताठ बसल्या. रुपेश आधीच कोथिंबीरवडी खात होता. गाडी भिंतीशी उभी करून नागेशनं यंत्र चालू केलं. टोपल्यांतून वाफ निघू लागली, मोदकांच्या तुपाचा आणि गुळाचा वास घरभर झाला, आणि लाउबाईंनी डोळे मिटून खोल श्वास घेतला. नागेशची छाती पेराएवढी का होईना, पुढं आली.

मग त्यानं चहा आणला. या प्रसंगासाठी त्यानं चिनी मातीची किटली मुद्दाम घेतली होती आणि तिच्यात आपला चहा भरला होता, साय घातलेला, डोळ्यांत पाणी येईल इतकं आलं ठेचलेला. त्यानं पहिला पेला लाउंचा भरला.

लाउंनी दोन बोटं टेबलावर वाजवली. टकटक.

नागेश थबकला. माझ्या घरी, माझ्या टेबलावर, मलाच 'आटप'. त्यानं लाउबाईंचा पेला भरला. त्यांचीही टकटक. मग ऊर्मिलाचा. टकटक. तनयानंही दुधाच्या पेल्यापाशी बोटं वाजवली. सबनिसांच्या घरात तिसरी पिढी बोटं वाजवायला लागली होती.

"आणतो, आणतो," नागेश घशातल्या घशात म्हणाला.

लाउंनी एका दमात पेला रिकामा केला. आणि मग त्यांनी एक भलतंच केलं. किटलीचं झाकण उचललं आणि तिरकं करून तिच्या तोंडावर अर्धं उघडं ठेवलं.

सबनिसांच्या घरात उघडं भांडं म्हणजे पाप. दूध उघडं राहिलं तर नागेशच्या लहानपणी चौकशी बसत असे. उघडं दिसलं, की त्याचा हात आपोआप जाई, तसा गेला. त्यानं झाकण नीट बसवलं. लाउंनी थोडं थांबून ते पुन्हा तिरकं केलं. नागेशनं पुन्हा बसवलं. हा म्हातारा किटलीत डोकावून आल्याचे धागे बघतोय, नाक मुरडतोय, अशी नागेशची पक्की खात्री झाली. झाकण उघडलं, झाकण लागलं. लाउ ओशाळं हसत होते, नागेशही हसत होता, पण दोघांच्या हसण्यात चहा काही येत नव्हता. इकडे सगळ्यांचे पेले कोरडे. फ्राउ केसलर यांना कोथिंबीरवडीतली मिरची लागली, आणि त्या शिस्तीत, रुमाल तोंडाशी धरून, लाल होत खोकत होत्या.

लाउंनी अगतिकपणे पुन्हा दोन बोटं वाजवली, या वेळी आधीच, पेल्यात चहा पडावा या आशेनं.

"आलो म्हटलं ना," नागेश मराठीतच म्हणाला, आणि उठून त्यानं यंत्राचा खटका शेवटच्या खुणेवर नेला.

त्यानंतर जे झालं, ते यंत्राच्या खोक्यावरच्या चित्रात अगदी स्पष्ट दाखवलेलं होतं. गाडीमागची भिंत घामेजली. जर्मन भाड्याच्या घरात भिंतींना खडबडीत पांढरा कागद चिकटवलेला असतो. तो छताजवळ एका कोपऱ्यात हळूच सुटला, लाजऱ्या नवरीनं पदर पुढं घ्यावा तसा वाकला, आणि मग एवढी वर्षं ज्या दिवसाची वाट बघत होता तो आला असं समजून, सबंध, ओला, उबदार, फ्राउ केसलर यांच्या डोक्यावरून खाली आला. त्याच क्षणी छतावरची धुराची घंटी बोंबलायला लागली.

*भिंतीनं गं पांघरली, ओल्या कागदाची शाल,*
*पाहुणीच्या डोईवर, यजमानाचे गं हाल.*

रुपेश झाडूच्या दांड्यानं घंटीवर प्रहार करत होता. तनया टेबलाखाली बसून हसत होती. ऊर्मिलानं यंत्राची वायर ओढली. कागदाखालून खोकला ऐकू येत होता, त्यावरून फ्राउ केसलर शाबूत आहेत एवढं कळत होतं.

घंटी थांबली तेव्हा घरात अशी शांतता झाली, की हाउसमाइस्टरनं बक्षीस द्यावं. फ्राउ केसलर कागदातून बाहेर आल्या. केसांवर लगद्याचे कण होते. त्यांनी उघड्या भिंतीकडे पाहिलं, तिच्यावर बोट फिरवलं, आणि म्हणाल्या, "हा कागद मी घरमालकाला दहा वर्षं सांगत होते, की सुटत आलाय. आता तरी ऐकेल." मग बसल्या. "पण मला कुणी चहा देईल का?"

नागेश खुर्चीत बसला होता. त्यानं किटलीकडे हातसुद्धा नेला नाही. "त्यांना सांग," तो ऊर्मिलाला म्हणाला, "आता सावकाश बोटं वाजवा म्हणावं. इथं घाई करण्यासारखं काही उरलं नाही."

"कसली घाई?"

"सगळेच वाजवताय ना. तू तर रोज सकाळी वाजवतेस. आटप, आटप."

टेबलाखालून तनयाचं डोकं वर आलं. "पापा, दास हाइस्ट डांके," ती म्हणाली. मग या एका वेळेला, बाप फारच हरलेला दिसला म्हणून असेल, तिनं मराठीत सांगितलं, "थँक यू असतं ते."

लाउबाईंनी आपल्या तुटक जर्मनमध्ये समजावलं. कुणी चहा ओतला, की बोलता बोलता थांबायचं नाही, तोंडानं आभार मानायचे नाहीत, दोन बोटं वाकवून टेकवायची. त्यांच्याकडची जुनी गोष्ट अशी सांगतात, की एक राजा वेष पालटून फिरत होता आणि त्यानं आपल्या सेवकाला चहा ओतून दिला. सेवकाला पाया पडता येईना, राजा ओळखू आला असता. म्हणून त्यानं बोटांचे गुडघे केले. दोन बोटं म्हणजे दोन गुडघे.

"आणि झाकण?" नागेशनं विचारलं.

इथं लाउ पहिल्यांदा बोलले. यंत्र कानात नीट बसवत, जर्मनचा एकेक शब्द शोधत. "झाकण उघडं म्हणजे, अजून द्या. फार चांगला चहा. तिखट. मला वाटलं, संपला आहे, तुम्हाला लाज वाटते, म्हणून बंद करता."

नागेश उठला. आत जाऊन त्यानं मोठं पातेलं ठेवलं आणि आलं ठेचायला घेतलं. खलबत्त्याचा आवाज खालपर्यंत जात असणार, पण तक्रार करणाऱ्या बाई वर बसून त्याच चहाची वाट बघत होत्या. त्या दुपारी लाउंनी चार पेले प्यायले आणि प्रत्येक वेळी बोटं वाजवली. मोदक उघड्या भिंतीशी उभ्याउभ्या संपले. जाताना फ्राउ केसलर म्हणाल्या, "कागद चिकटवायचा असेल तेव्हा सांगा. रविवारी नको."

पाहुणे गेले. तनया वर रुपेशकडे टीव्ही बघायला पळाली. घरात ओल्या चुन्याचा वास होता. नागेश भिंतीसमोर बसून होता. इतक्यात त्याच्यापुढं कप आला. चहा ऊर्मिलानं केला होता, बिनआल्याचा, पातळसा. इतक्या वर्षांत उलटं कधी झालं नव्हतं. नागेशनं दोन बोटं वाकवून टेबलावर टेकवली. ती हसली. मान खाली घालून, खांदे हलवत. काचेच्या अलीकडून हे हसू बरंच जवळचं दिसत होतं.

"तोंडानं सांगायला काय झालं होतं?" तो म्हणाला.

"घरात कुणी कुणाचे आभार मानतं का? तुझी आई म्हणाली असती, सुनेला आता आपण परके झालो."

"मग लाउंच्या चहात असं काय आहे, की तू दर रविवारी..."

ऊर्मिलानं कप खाली ठेवला.

"तिथं मी पहिला घोट घेते तेव्हा माझ्या तोंडाकडे कुणी बघत नाही, नागेश. रोज परीक्षकाच्या खुर्चीत बसून चहा पिणं म्हणजे काय असतं ते तुला नाही कळायचं. आणि मला चहात आलं आवडत नाही."

नागेशनं भिंतीचा आधार घेतला. भिंत ओली होती. "कधीपासून?"

"लहानपणापासून."

"पण तू म्हणाली होतीस. कोथरूडला, खिडकीत बसून. असा चहा रोज मिळणार असेल तर..."

"त्या दिवशी आलं नव्हतंच त्यात. साखरसुद्धा नव्हती. तू मीठ घातलं होतंस."

बाहेर ट्राम वळणावर किरकिरली आणि गेली. नागेशचा सबंध संसार ज्या वाक्यावर उभा होता, त्याच्याखालून कुणी तरी हळूच वाफेची नळी सोडली होती. त्याला वाटलं, आता तेही सुटून खाली येणार. 'बघू'चा अर्थही आता कळणार.

"मग तसं का म्हणालीस?"

"तू दारात उभा होतास," ऊर्मिला म्हणाली. आवाज तसाच, थोडा घोगरा. "हातात गाळणी, नवा पायजमा चहानं भिजलेला, आणि तुला त्याचा पत्ता नाही. तुझं सगळं लक्ष माझ्याकडे. 'कुठंही येईन' हे मी त्या चहाला नव्हतं रे म्हटलं. तुझ्या त्या उंटर-काय-त्या गावालासुद्धा येईन. चहा मात्र तिथं मी करणार."